पिल्लांचं खाणं कधी बदलायचं, आणि आधी कुणाचं?

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. गेल्या ऑगस्टच्या शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांना मांजराची दोन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडले होते, आईचा पत्ता नव्हता. आता जूनमध्ये ती दहा महिन्यांची झाली आहेत. बोका बंड्या 4.3 किलोचा आहे, सातव्या महिन्यात त्याचं नसबंदीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तो गोल होत चालला आहे. बहीण चिंगी 2.7 किलोची, सडपातळ, तिचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. घरात सहा वर्षांची माऊ आधीपासून आहे, वजन 5.6 किलो. किटन फूडची वाटी दिवसभर भरलेली असते आणि तिघंही तिच्यातूनच खातात.

मागच्या महिन्यात दुकानदार म्हणाला, "सहा महिने झाले की मोठ्यांचं खाणं द्यायचं असतं, तुम्ही फार उशीर केलात." ताईंनी घाबरून त्याच संध्याकाळी ॲडल्ट फूडचं पाकीट आणलं आणि सगळं खाणं एका झटक्यात बदललं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लांना पातळ शी. पोट बिघडलं म्हणून सासूबाईंनी दूध-भात सुरू केला, आणि पुढचे पाच दिवस लिटरबॉक्स धुण्यातच गेले. शेवटी पुन्हा किटन फूड. आता ते पाकीट संपत आलं आहे आणि ताई विचारतात : मोठ्यांचं खाणं यांना सोसत नाही का? आणि इतके महिने किटन फूड देऊन मीच बंड्याला जाड केलं का?

ताई,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण पत्रात तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतो. दहाव्या महिन्यापर्यंत किटन फूड देण्यात तुमची काहीच चूक झालेली नाही. आपल्याकडची साधी देशी मांजरं साधारण बारा महिन्यांपर्यंत पिल्लंच धरायची. सहाव्या महिन्यात पक्के दात आलेले असतात, अंगानंही ती जवळजवळ मोठी दिसू लागतात, त्यामुळे फसायला होतं. पण हाडं-स्नायू भरायचं काम तेव्हा चालूच असतं. दुकानदाराचा सल्ला चार-सहा महिने आधीचा होता. मेन कूनसारख्या मोठ्या चणीच्या जातींना तर किटन फूड दीड ते दोन वर्षांपर्यंत लागतं.

मग बंड्या जाड का झाला? तुम्ही पाकिटाकडे बोट दाखवताय, मला वाटीकडे दाखवावंसं वाटतं. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शानं कमी होते आणि नेमकी तेव्हाच भूक वाढते. वाटी सतत भरलेली असली की ते मांजर गरजेपुरतं खाऊन थांबत नाही. चिंगी त्याच वाटीतून खाते आणि सडपातळ आहे, कारण तिचं शरीर अजून वेगळ्या हिशोबानं चाललंय. म्हणजे ज्या खाण्यानं एक जाड झाला त्याच खाण्यानं दुसरी नीट वाढली. खाणं तेच होतं, माप कुणालाच नव्हतं.

किटन फूड म्हणजे जास्त कसाचं आणि ॲडल्ट फूड म्हणजे पाणचट, हाही समज मनातून काढून टाका. मांजरांच्या खाण्याची जी अमेरिकन मानकं अनेक कंपन्या पाळतात (ॲफको नावाच्या संस्थेची), त्यांत पाण्याचा अंश वगळून वाढीच्या वयासाठी किमान 30 टक्के प्रथिनं सांगितली आहेत, मोठ्यांसाठी 26. कॅल्शियम वाढीसाठी किमान 1 टक्का, मोठ्यांसाठी 0.6. फरक आहे तो एवढा. पिल्लाचं पोट लहान आणि गरज मोठी, म्हणून थोड्या दाण्यांत जास्त भरलेलं असतं. वाढ संपलेल्या मांजराला त्याची गरज उरत नाही, आणि जास्तीचं ते अंगावर चढतं.

म्हणूनच या पत्रातलं सर्वांत काळजीचं मांजर तुम्ही ज्याच्याबद्दल विचारलंच नाहीत ते आहे : माऊ. सहा वर्षांची भाटी गेले नऊ-दहा महिने पिल्लांचं खाणं मनसोक्त खाते आहे. 5.6 किलो हे साध्या देशी भाटीसाठी बहुतेक वेळा जास्तच असतं. तेव्हा खाण्याची वाटणी करायची असेल तर सुरुवात तिच्यापासून करा.

आता पातळ शीबद्दल. नवीन खाणं सोसलं नाही असा निष्कर्ष काढण्याएवढा पुरावा तुमच्याकडे नाही. आयुष्यभर एकच खाणं खाल्लेल्या पिल्लाचं पाकीट रातोरात बदललं तर चांगल्यातलं चांगलं खाणंही पोट बिघडवतं. आतड्यांतले जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, त्यांना बदलायला आठवडाभर लागतो. इथपर्यंत गोष्ट दोन दिवसांत आवरली असती. पुढचे दिवस मात्र बहुधा दूध-भाताचे आहेत. आईचं दूध सुटल्यावर मांजराची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि शी आणखी पातळ होते. आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी इतकी पक्की आहे की जुलाब झालेल्या मांजरालाही प्रेमानं दूधच दिलं जातं. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांनी माणसाच्या पिल्लाला जे केलं असतं तेच केलं.

दुधाची दुसरी बाजूही हिशोबात धरा. अर्धी वाटी फुल क्रीम दूध म्हणजे साठ-सत्तर किलोकॅलरी. बंड्याची दिवसाची एकूण गरज आहे 240 च्या आसपास. आपल्याला ती अर्धी वाटी, त्याला पाव दिवसाचं जेवण.

हा 240 आकडा कुठून आला तेही सांगते, म्हणजे इतरांना आपापल्या मांजराचा काढता येईल. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 240 किलोकॅलरी पुरतात, 3 किलोच्याला 190, 5 किलोच्याला 280. नसबंदी न झालेल्याला याहून सहाव्या हिश्शाएवढं जास्त. वजन धरायचं ते जाड झाल्यानंतरचं नाही, असायला हवं ते. ड्राय फूडच्या पाकिटावर मागच्या बाजूला किलोमागे किती किलोकॅलरी हे बऱ्याचदा छापलेलं असतं. किटन फूडमध्ये ते 4000 च्या आसपास असतं, ॲडल्टमध्ये साधारण 3600 ते 3800. म्हणजे बंड्याला किटन फूडचे 60 ग्रॅम किंवा ॲडल्ट फूडचे 65 ग्रॅम, दिवसभर मिळून. छापलेलं नसेल तर पाकिटावरच्या तक्त्यातला त्या वजनाचा खालचा आकडा धरा. हे सगळे सुरुवातीचे आकडे आहेत, मांजरागणिक कमी-जास्त होतात, म्हणून आठवड्याचं वजन हाच शेवटचा पंच.

आणि मोजायचं ते वाटीनं नाही, काट्यानं. स्वयंपाकघरातला केक-भाकरीच्या पिठासाठी घेतलेला डिजिटल काटा चालतो. रिकामी वाटी ठेवा, शून्य करा, दाणे टाका. एकदा करून बघाल तर चकित व्हाल : आमटीच्या मध्यम वाटीत सपाट भरले तर 50-60 ग्रॅम बसतात, शिगोशीग भरले तर 70 च्या वर जातात. डोळ्यांना दोन्ही "एक वाटी"च दिसतं. रोज फक्त 5 ग्रॅम जास्त गेले तर त्या 20 किलोकॅलरी झाल्या, म्हणजे बंड्याच्या गरजेच्या आठ टक्के, रोजच्या रोज.

आधी तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त मोजा. सकाळी 300 ग्रॅम दाणे डब्यात काढून ठेवा, दिवसभर त्यातूनच वाटी भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी आणि डबा मिळून किती उरलं ते बघा. तिघांची मिळून गरज साधारण 175 ग्रॅम आहे : बंड्या 60, चिंगी 55, माऊ 60. रोज 240 ग्रॅम संपत असेल तर घरात चौथं मांजर जेवतंय असं समजा.

मग भरलेली वाटी उचला. दिवसातून तीन जेवणं ठेवा, सकाळ, संध्याकाळ आणि झोपण्यापूर्वी, प्रत्येकी वीस मिनिटं, तिघांच्या थाळ्या वेगळ्या. माऊला बेडरूममध्ये दार लावून द्या, तिला तिचं ॲडल्ट फूड. पिल्लं स्वयंपाकघरात, पण एक ओट्याच्या या टोकाला, एक त्या टोकाला. बंड्याचं आधी संपणार आणि तो चिंगीच्या थाळीत तोंड घालणार, तेव्हा ती वीस मिनिटं कुणीतरी तिथे हवंच. पहिले चार-पाच दिवस तो ओरडेल, पहाटे पाचला पाय चावेल. त्या वेळी उठून वाटी भरलीत तर पहाटे पाच हीच त्याची जेवणाची वेळ ठरेल.

माऊबद्दल एक इशारा. जाड मांजराचं खाणं एकदम तोडायचं नाही, उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. जाड मांजरांत हा धोका सर्वांत मोठा. आधी तिचं खाणं हळूहळू बदला, ती ते नीट खायला लागली की 75 ग्रॅमवरून दोन-तीन आठवड्यांत 60 वर या. आठवड्याला 50 ग्रॅम वजन उतरलं तर उत्तम. त्याहून घाई नको.

पिल्लांपुढे तुमच्याकडे तीन वाटा आहेत. एक, दोघांनाही आत्ताच ॲडल्ट फूड. दोन, बंड्याला ॲडल्ट आणि चिंगीला किटन. तीन, दोघांनाही किटन फूडच, पण मोजून, आणि वर्ष पूर्ण होताना दोघांचं एकत्र बदलायचं. बंड्यापुरती पहिली वाट चुकीची नाही, त्याची वाढ बरीच झाली आहे. पण चिंगी लहान चणीची आहे आणि तिचं ऑपरेशन पुढे आहे, तिला आत्ता हात लावायचं कारण नाही. दुसरी वाट कागदावर सर्वांत बरोबर. पण माऊसकट तीन थाळ्या, दोन पाकिटं आणि एक चोर बोका, हे नोकरी सांभाळून रोज तीनदा जमणं कठीण. माझं मत तिसऱ्या वाटेला. बंड्याला किटन फूड नडत नाहीये, जास्त किटन फूड नडतंय. 60 ग्रॅमवर त्याचं वजन महिनाभर आहे तिथेच थांबलं तर दोन महिने हेच चालवा. तरीही वाढतच राहिलं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून त्याच्यापुरतं आधी बदला. नसबंदी झालेल्या पिल्लांसाठी कमी ऊर्जेचं वेगळं किटन फूडही मिळतं, तेही त्यांना विचारता येईल.

वजन घरीच करा, दर रविवारी जेवणापूर्वी. बंड्याला घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग त्याला सोडून उभ्या राहा, फरक लिहून ठेवा. असं तीनदा करून मधला आकडा धरा. हातानंही बघा. मूठ न वळता हात पालथा धरून बोटांच्या मुळाशी हाडांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा : पातळ कातडीखाली हाडं लगेच लागतात. बरगड्या अशा लागायला हव्यात. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर मांजर बारीक, तळहातावरून फिरवल्यासारखं वाटलं तर जाड. मागच्या पायांमध्ये लोंबणारी सैल कातडी पुष्कळ बारीक मांजरांनाही असते, तिला सुटलेलं पोट समजू नका.

पिल्लं सापडली तेव्हा डोळे नुकतेच उघडले होते, म्हणजे ती तेव्हा आठवडा-दोन आठवड्यांची होती. त्यांचा जन्म 15 ऑगस्टच्या आसपासचा धरा. तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बदल सुरू करा. बंड्याच्या 60 ग्रॅमचा हिशोब असा : पहिले तीन दिवस 45 ग्रॅम जुनं आणि 15 नवं. पुढचे तीन दिवस निम्मं निम्मं. त्यापुढचे तीन दिवस 15 जुनं, 45 नवं. दहाव्या दिवशी सगळं नवं, 65 ग्रॅम. शी मऊ पडली तर पुढे सरकू नका, त्याच प्रमाणावर दोन-तीन दिवस थांबा. पातळच झाली तर एक पायरी मागे या. दहाचे पंधरा दिवस झाले तरी बिघडत नाही. किटन फूडचं शेवटचं पाकीट संपायची वाट बघू नका, निदान अर्धा किलो हाताशी हवं. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो : पाकीट संपतं, दुकानात ते नसतं, आणि बदल एका रात्रीत होतो.

चिंगीसारखी चोखंदळ मांजरं मिसळलेल्यातले जुने दाणे वेचून खातात आणि नवे ठेवतात. जुने चार-पाच दाणे खलबत्त्यात कुटून त्याची पूड नव्या दाण्यांवर भुरभुरवा. किंवा दोन्ही एका झाकणाच्या डब्यात रात्रभर एकत्र ठेवा, वास एकमेकांना लागतो. पाउचचं ओलं खाणं देत असाल तर फ्रीजमधलं गार देऊ नका, गरम पाण्यात पाउच धरून कोमट करा. मांजर आधी नाकानं जेवतं. एवढं करूनही चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर जुनं खाणं परत द्या, आणि तेही नाकारलं तर डॉक्टरांकडे जा. "भूक लागली की खाईल" ही जिद्द मांजराशी करायची नसते.

या दिवसांत घरात दुसरी उलथापालथ नको. चिंगीच्या ऑपरेशनचा आठवडा, घराचं रंगकाम, पुढे दिवाळीचे फटाके, अशा वेळी खाणं बदलू नका. ऑपरेशन जुलैच्या सुरुवातीलाच करून घेतलंत तर टाके बरे होऊन महिनाभराचं अंतर मिळेल. त्यानंतर तिचीही भूक वाढेल, तेव्हा तिचे 55 ग्रॅम 50 वर आणायची तयारी ठेवा. आणि एक शंका आधीच फेडून घ्या : खिडक्यांना जाळी नसेल आणि ती माजावर असताना बाहेर गेली असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला किटन फूडच लागतं, तिचं वय काहीही असो.

पुन्हा पोट बिघडलंच तर उपास नको आणि दूध-भातही नको. एक-दोन दिवस हाडं काढलेलं, नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन थोडं थोडं द्या. मीठ, कांदा, लसूण काहीही नको, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या तर कधीच नाहीत. दोन दिवसांत आवरलं नाही, शीत रक्त दिसलं, किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर. जंताचं औषध कधी दिलं होतं तेही आठवून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. आणि बंड्या लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अडकतो आणि दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नसबंदी झालेला, जाडसर, फक्त ड्राय फूडवरचा बोका यात जास्त सापडतो. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात 75 च्या वर. म्हणून त्याच्या 60 ग्रॅमपैकी 15-18 ग्रॅम दाणे कमी करून रोज 85 ग्रॅमचं एक पाउच दिलंत तर पाणीही पोटात जाईल. फक्त पाउचवर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" छापलेलं बघून घ्या. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलेली पाकिटं खाऊची असतात, जेवणाची नाहीत.

सासूबाईंचा हात रिकामा ठेवू नका, नाहीतर दूध मागच्या दारानं येईलच. दिवसाच्या कॅलरींपैकी दहावा हिस्सा लाडाला ठेवता येतो. बंड्यासाठी तो होतो 15 ग्रॅम उकडलेलं चिकन, अंगठ्याच्या पेराएवढे दोन तुकडे. दुपारी चारला ते त्यांच्याच हातून मिळू देत, आणि तेवढे पाच-सहा ग्रॅम दाणे रात्रीतून वगळा. बोंबील-सुकट मात्र देऊ नका, मीठ फार असतं. कच्ची मासळीही नको. काही माशांत बी-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो, शिजवल्यावर तो जातो.

हे वाचून कुणाला वाटेल, आम्ही पाकिटाचं देतच नाही, चिकन-भात किंवा बांगडा-भात देतो, आम्हाला हे कशाला. त्यांना उलट जास्त लागू आहे. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि वाढत्या पिल्लाचं शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढतं. उडी मारताना पाय मोडतो तेव्हा कळतं. टॉरिन हे पोषकद्रव्य मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं, ते मांस शिजवलेल्या पाण्यात उतरतं आणि आपण पाणी ओतून देतो. टॉरिन कमी पडल्यानं मांजराचं हृदय सैल पडतं हे 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, त्यानंतर पाकिटातल्या खाण्यात ते वाढवलं गेलं. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला पुरेल एवढ्या टॉरिनची हमी नसते, म्हणून तेही चालत नाही. घरचंच द्यायचं असेल तर पहिल्या वर्षी तरी बहुतांश पोट किटन फूडनं भरा आणि घरचं वरून द्या.

शेवटी पावसाळ्याचं. तुम्ही खाणं बदलणार ते नेमकं भर पावसात. उघडं पाकीट सादळतं, दाण्यांतलं तेल खवट होतं, बुरशी धरते, आणि पोट बिघडल्यावर दोष पुन्हा नव्या खाण्यावर जातो. दुकानात गोणीतून सुटं तोलून देतात ते या दिवसांत घेऊच नका, ते केव्हा फोडलंय कळत नाही. दीड किलोच्या आसपासचं पाकीट घ्या, दाणे डब्यात न ओतता पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, फोडल्याची तारीख पेननं लिहा आणि महिनाभरात संपवा. दाणा दोन बोटांत दाबल्यावर कटकन तुटायला हवा. मऊ दबला तर ते पाकीट फेकून द्या.